घट्टे, घोड्याची शेपटी आणि कोरा पेपर: चिनी प्रचारपट ‘ज्वेल्ये’ (१९७५) – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रांतिकारी प्रचारपट आणि शिक्षणसुधारणा हा विषय निघाला की चर्चा हटकून एका चित्रपटावर येते, आणि मग तेच ते प्रश्न पुन्हा येतात. इथे ते साध्याकडून अवघडाकडे लावले आहेत. जिथे दोन उत्तरं एकमेकांत शिरतात तिथे क्रमांक दिला आहे, तेच पुन्हा सांगितलेलं नाही.

१. ‘ज्वेल्ये’ हा नेमका कोणता चित्रपट? पाहिला नसेल तर पुढचं कळेल का?

कळेल. चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीच्या (१९६६–७६) शेवटच्या टप्प्यात पेइचिंग (बीजिंग) फिल्म स्टुडिओने काढलेला हा रंगीत कथापट. दिग्दर्शक ली वनह्वा. १९७५ मध्ये तयार झाला आणि १९७६ च्या सुरुवातीला देशभर दाखवला गेला. विषय एका शेतकी महाविद्यालयाचा: कुणाला प्रवेश द्यायचा, काय शिकवायचं, परीक्षा घ्यायची की नाही, आणि शिकलेल्याने पुढे कुठे जायचं. शिक्षणाचं धोरण हाच खलनायक आणि शिक्षणाचं धोरण हाच नायक असलेले चित्रपट जगात फार नाहीत. म्हणूनच हा अजून अभ्यासला जातो.

२. नावाचा अर्थ काय?

फारकत. घरातल्या भांडणानंतरची नव्हे, विचारांशी घेतलेली. मार्क्स आणि एंगल्स यांच्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात असं म्हटलं आहे की ही क्रांती परंपरागत मालमत्तासंबंधांशी पूर्ण फारकत घेते, आणि म्हणून परंपरागत कल्पनांशीही घेते. चिनी भाषांतरात त्या जागी जो शब्द आहे तोच चित्रपटाचं नाव. दोन्ही फारकती चित्रपटात आहेत. पूर्वार्धात जुन्या शिक्षणाशी आणि उत्तरार्धात खाजगी शेतीशी. दुसरा भाग विसरून चित्रपट फक्त शाळेचा समजला की शेवट अचानक आल्यासारखा वाटतो.

३. गोष्ट थोडक्यात सांगा.

साल १९५८, च्यांगशी प्रांत. क्रांतियुद्धातला जुना कार्यकर्ता लोंग ग्वोझंग नव्या श्रम-विद्यापीठाच्या शाखेचा प्राचार्य होऊन येतो. उपप्राचार्य त्साओ आणि वरचे अधिकारी यांना रूढ पद्धतीचं महाविद्यालय हवं: शहराजवळ, प्रवेशपरीक्षा, ठरलेला अभ्यासक्रम. लोंगला ते डोंगरात हवं, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी, अर्धा वेळ काम आणि अर्धा वेळ अभ्यास असं.

पहिली झटापट प्रवेशावरून होते (प्रश्न ६), दुसरी वर्गातल्या शिकवण्यावरून (प्रश्न ५), तिसरी परीक्षेवरून (प्रश्न ७). मग गावात जमीन कुटुंबांना वाटून देण्याचा बेत येतो. ली जिनफंग ही विद्यार्थिनी त्याला विरोध करते आणि किंमत मोजते. शाळा बंद पडणार असं दिसत असताना माओंचं पाठिंब्याचं पत्र येतं आणि डाव पलटतो. आपल्या कीर्तनात शेवटच्या क्षणी देव धावून येतो, तितक्याच बिनचूक वेळी हे पत्र पोहोचतं.

४. असं विद्यापीठ खरंच होतं का? आणि ते पत्र?

दोन्ही खरी. च्यांगशी कम्युनिस्ट श्रम विद्यापीठ १ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झालं. नानछांगला मुख्य संस्था होती, आणि प्रांतभर, बहुतेक डोंगराळ भागात, सुरुवातीलाच तीसेक शाखा होत्या. विद्यार्थी शेतात, जंगलात, कारखान्यात काम करून संस्थेचा खर्च भागवायला हातभार लावत. माओंनी ३० जुलै १९६१ रोजी, तिसऱ्या वर्धापनदिनाच्या तोंडावर, संस्थेला पत्र लिहिलं. अर्धं काम, अर्धा अभ्यास, आणि सरकारची एक दमडी न घेता प्राथमिकपासून विद्यापीठापर्यंत सगळ्या पायऱ्या, हे आपल्याला पूर्ण मान्य आहे, असा त्याचा आशय.

संस्था खरी आणि पत्र खरं, पण चित्रपटातली शाखा, पात्रं आणि भांडणं रचलेली आहेत. प्रचारपटाची ही नेहमीची बांधणी आहे. दोन खांब खरे रोवायचे आणि मधलं छत आपल्याला हवं तसं घालायचं. कुणी खांब तपासले तर ते खरे निघतात, आणि छतावरही विश्वास बसतो.

५. ‘घोड्याच्या शेपटीचं कार्य’ हा काय प्रकार आहे? चिनी मित्र याच्यावर अजून हसतात.

चित्रपटातला सर्वांत गाजलेला प्रसंग. प्राध्यापक सुन पशुवैद्यकाच्या वर्गात तक्ता लावून घोड्याच्या शेपटीचं कार्य समजावत असतो. च्यांगशीत घोडे मोजके, म्हशी आणि डुकरं मात्र घरोघर. एक विद्यार्थी विचारतो की घोड्याचं थोडं कमी करून म्हशी-डुकरांचं शिकवता येणार नाही का. त्यातच एक शेतकरी आजारी जनावर घेऊन दाराशी येतो आणि त्याला पिटाळलं जातं. वर्गात शेपटी चालू आणि बाहेर रोगी जनावर उभं. मुद्दा सांगायला एवढं पुरतं.

प्रसंग चांगला वठला आहे, हे मान्य करायला हवं. प्रसंगामागची तक्रारही खोटी नाही. बाहेरून आणलेला अभ्यासक्रम आणि गावातलं जनावर यांची गाठ न पडणं ही गोष्ट आपल्याकडच्या कृषी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला समजावून सांगावी लागत नाही.

फसवणूक कुठे आहे ते मात्र पाहा. पशुशरीरशास्त्रात शेपटीचं कार्य हा रास्त भाग आहे. माशा हाकलणं, तोल, मणक्याच्या टोकाच्या नसा. प्रश्न धडा कोणता घ्यावा आणि त्याला किती तास द्यावेत एवढाच असू शकतो. चित्रपट तो प्रश्न ‘सिद्धान्त विरुद्ध श्रम’ असा फिरवतो आणि सुनला उत्तर द्यायला एकही धड वाक्य देत नाही. आजारी म्हशीला बरं करायलाही शरीरशास्त्रच लागतं, हे वाक्य कुणाच्याच तोंडी नाही. ते आलं असतं तर प्रसंग तिथेच कोसळला असता.

पात्रनिवडही बघण्यासारखी आहे. सुनची भूमिका ग त्सुनझ्वांग यांनी केली. १९६३ च्या एका गाजलेल्या बालवीरपटात त्यांनी जपानी लष्करी अधिकारी रंगवला होता, आणि तो चेहरा चिनी प्रेक्षकाच्या डोक्यात पक्का बसला होता. उलट लोंगची भूमिका करणारे ग्वो झनछिंग हे १९५५ च्या एका युद्धपटात जपान्यांशी लढणारे गनिमी नायक म्हणून घरोघरी ठाऊक. प्राध्यापकाने तोंड उघडण्याआधीच अर्धा निकाल लागलेला असतो. तरी गंमत अशी की इतक्या वर्षांनंतर लोकांना लोंगची भाषणं आठवत नाहीत, शेपटी आठवते.

६. हाताला घट्टे असले की प्रवेश, हे प्रत्यक्षात होतं का?

प्रसंग असा: ज्यांग दान्येन नावाच्या कष्टकरी तरुणाला शिक्षण कमी म्हणून नाकारलं जातं. लोंग त्याचा हात वर धरून सभेला घट्टे दाखवतो आणि सांगतो की या शाळेत यायची पात्रता ही.

१९५८ मध्ये घट्टे बघून देशभर प्रवेश होत नव्हते. तेव्हा राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा चालू होती. ती १९६६ मध्ये थांबली. १९७० पासून विद्यापीठं पुन्हा भरू लागली ती ‘कामगार-शेतकरी-सैनिक विद्यार्थी’ घेऊन. उमेदवार वीस वर्षांच्या आसपासचा, तीनेक वर्षं प्रत्यक्ष काम केलेला आणि माध्यमिकचा खालचा टप्पा शिकलेला असावा, अशी अपेक्षा होती. पायऱ्या चार:

उमेदवाराने स्वतः अर्ज करायचा. मग कामाच्या जागी लोकांनी शिफारस करायची. मग तिथल्या नेतृत्वाने मंजुरी द्यायची. शेवटी संस्थेने फेरतपासणी करायची.

कागदावर हे लोकशाहीसारखं दिसतं. बिघडायचं ते तिसऱ्या पायरीवर. मंजुरीचा शिक्का ज्याच्या हाती त्याची मुलं, भाचे, मित्रांची मुलं आत गेली. ‘मागच्या दाराने’ हा शब्दप्रयोग तेव्हा इतका रूढ झाला की १९७४ च्या सुरुवातीला खुद्द पक्षाच्या वर्तमानपत्रांत त्यावर चर्चा झाली. चित्रपटात घट्टे बघणारा लोंग निःस्वार्थी असल्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही. पद्धत चांगली आहे हे दाखवण्यासाठी माणूस चांगला दाखवला आहे. पुढच्या वर्षी लोंगच्या जागी दुसरा कुणी आला तर काय, हे कुणी विचारत नाही.

७. कोऱ्या पेपरचा प्रसंग झांग त्येशंगवर आहे का?

थेट नाही, पण १९७६ मध्ये तो पाहताना कुणालाही तेच नाव आठवलं असणार. चित्रपटात पीक वाचवायला शेतात गेलेले विद्यार्थी आणि त्याच वेळी लादलेली परीक्षा अशी कोंडी आहे. परीक्षेला महत्त्व देणारे खलपक्षात, शेतात जाणारे नायकपक्षात.

प्रत्यक्षातली घटना १९७३ ची. त्या वर्षी शिफारशीला जोडून साधी लेखी परीक्षाही घ्यायचं ठरलं. ल्याओनिंग प्रांतातल्या शिंगछंग परगण्यात उत्पादनगटाचा प्रमुख असलेल्या झांग त्येशंगने भौतिक-रसायनचा पेपर जवळजवळ कोरा ठेवला आणि मागच्या बाजूला पत्र लिहिलं: आपण शेतात राबत होतो, काम टाकून पुस्तकं घेऊन बसणाऱ्यांशी ही बरोबरी न्याय्य नाही. गुण असे: भाषा ३८, गणित ६१, भौतिक-रसायन ६. प्रांताच्या वर्तमानपत्राने १९ जुलैला पत्र छापलं, १० ऑगस्टला पक्षाचं मुखपत्र असलेल्या ‘पीपल्स डेली’ने. तो ‘कोऱ्या पेपरचा वीर’ झाला आणि त्याला कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. सांस्कृतिक क्रांती संपल्यावर त्याला तुरुंगवास झाला.

पेपर पूर्ण कोरा नव्हता आणि गणितात त्याला ६१ गुण होते. दंतकथेत हे दोन्ही गळून पडतं.

८. गोष्ट १९५८ ची. मग सगळे १९७५ चं राजकारण का काढतात?

कारण चित्रपट भांडतो ते १९७५ च्या माणसांशी. त्या वर्षी तंग श्यावफिंग (आपल्याकडे डेंग झियाओपिंग) दैनंदिन कारभार पाहत होते आणि शिक्षणमंत्री झोउ रोंगशिन विद्यापीठांत अभ्यासाला पुन्हा वजन द्यायचा प्रयत्न करत होते. ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये छिंगह्वा विद्यापीठातले पक्षाधिकारी ल्यू पिंग यांनी तिथल्या जहाल नेतृत्वाविरुद्ध माओंना पत्रं लिहिली. माओंनी तक्रार तक्रारदारांवरच उलटवली. नोव्हेंबरमध्ये छिंगह्वात ‘शिक्षणक्रांतीवरची मोठी चर्चा’ सुरू झाली आणि तीच पसरत तंग यांच्याविरुद्धची मोहीम झाली. झोउ रोंगशिन टीकेच्या भडिमारातच एप्रिल १९७६ मध्ये वारले.

चित्रपट या मोहिमेच्या आदेशाने बनला असं म्हणणं चूक ठरेल. चित्रण तिच्या आधीच उरकलेलं होतं. पण पडद्यावर आला तो बरोबर तिच्या तोंडावर, आणि वर्तमानपत्रांतल्या टीकालेखांना चित्र म्हणून तोच वापरला गेला. उपप्राचार्य त्साओ आणि वरच्या अधिकाऱ्यांपैकी उपायुक्त झाओ हे १९५८ चे कोट घालून १९७५ ची वाक्यं बोलतात. ल्याओनिंगच्या छाओयांग कृषी महाविद्यालयाचा ‘कम्यूनमधून (सामूहिक शेतीच्या गावसंस्थेतून) या, कम्यूनमध्ये परत जा’ हा नियम १९७४ पासून आदर्श म्हणून मिरवला जात होता. त्याचा वास चित्रपटभर आहे.

पाहताना वहीत तीन रकाने आखावेत: पडद्यावरचं साल, माओंच्या पत्राचं साल (१९६१), चित्रीकरणाचं साल. प्रत्येक मोठा संवाद कोणत्या रकान्यात बसतो ते लिहीत जावं. निम्म्याहून अधिक तिसऱ्यात पडतील.

९. ‘तीन ठळकपणे’ म्हणजे काय आणि ते पडद्यावर ओळखायचे कसे?

त्या काळच्या कलेचं सूत्र. सगळ्या पात्रांत सकारात्मक पात्रं ठळक करा, सकारात्मकांत वीर पात्रं, वीरांत एकच मध्यवर्ती वीर. सूत्राची मांडणी संगीतकार यू ह्वेयोंग यांनी १९६८ मध्ये केली, सांस्कृतिक क्रांतीत नमुना म्हणून मिरवलेल्या ‘आदर्श’ संगीतनाटकांच्या संदर्भात. चित्रपटात आल्यावर त्याचे कॅमेऱ्याचे नियम झाले: शत्रू दूर, आपण जवळ, शत्रू अंधारात, आपण उजेडात, शत्रू लहान, आपण मोठे, शत्रूकडे कॅमेरा वरून पाहील, आपल्याकडे खालून.

तपासायची सोपी रीत अशी. घट्ट्यांचा प्रसंग घ्या, आवाज बंद करा. (१) प्रत्येक शॉटला कॅमेरा पात्राच्या डोळ्यांच्या वर आहे की खाली, एवढंच टिपा. (२) चेहऱ्यावर उजेड समोरून पडतो की बाजूने, ते पाहा. (३) कोण चौकटीच्या मध्यावर उभं आहे आणि कोण कडेला, ते पाहा. (४) आता आवाज लावून पुन्हा पाहा आणि संगीत कुणाच्या वाक्यानंतर चढतं ते टिपा. पहिल्याच फेरीत, चिनीचा एक शब्द न कळता, कोण बरोबर ठरणार ते सांगता येतं.

इथे लोक एक चूक करतात: खालून घेतलेला प्रत्येक शॉट म्हणजे प्रचार असं धरतात. खालून शॉट जगभर घेतात. इथे पाहायचं ते सातत्य. एका बाजूला तो कायम मिळतो आणि दुसऱ्या बाजूला चुकूनही मिळत नाही.

दिग्दर्शकाला दुसरं काही जमत नव्हतं असंही नाही. ली वनह्वा मूळचे छायाचित्रकार. १९६३ च्या ‘वसंताच्या सुरुवातीचा फेब्रुवारी’ या चित्रपटाचं छायाचित्रण त्यांचं. तिथला नायक गोंधळलेला, हळवा शाळामास्तर आहे. त्या चित्रपटावर १९६४ मध्ये जाहीर टीकेची झोड उठली. दोन्ही चित्रपटांतले मास्तर एकापाठोपाठ पाहावेत.

१०. चित्रपट काय लपवतो?

पहिली गोष्ट भूक. गोष्ट १९५८ मध्ये सुरू होऊन १९६१ च्या पत्रापाशी पोहोचते. म्हणजे ती चीनमधल्या महादुष्काळाच्या (१९५९–६१) मधोमध चालली आहे. पडद्यावर शेतं हिरवी आणि चेहरे टवटवीत आहेत.

दुसरी पहिलीतूनच येते. जमीन कुटुंबांना करायला देण्याचा बेत चित्रपटात खलनायकाचा डाव आहे. प्रत्यक्षात १९६१ च्या सुमारास शेजारच्या आनह्वेई प्रांतात कुटुंबनिहाय जबाबदारीची शेती पसरली ती उपासमारीतून मार्ग म्हणून. १९७८ नंतर तीच पद्धत सरकारी धोरण झाली.

तिसरी गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. अर्धं काम-अर्धा अभ्यास ही कल्पना एकट्या माओंची नव्हे. माओंचे वरिष्ठ सहकारी ल्यू शाओची यांनी मे १९५८ मध्येच दोन शिक्षणपद्धती, दोन श्रमपद्धती अशी मांडणी केली होती आणि १९६४ मध्ये तिचा पुन्हा जोरात पुरस्कार केला. सांस्कृतिक क्रांतीत हेच ल्यू क्रमांक एकचे शत्रू ठरले. त्यामुळे चित्रपटात कल्पना राहिली आणि तिचा एक बाप वगळला गेला.

११. त्या काळातले शिक्षणावरचे सगळे चित्रपट असेच होते का?

नाही. १९७३ चा ‘माळ्याचं गीत’ हा हुनानी संगीतनाटकाचा चित्रपट पाहा. तिथली प्राथमिक शिक्षिका एका खोडकर मुलाला प्रेमाने अभ्यासाकडे वळवते, आणि विद्या नसेल तर क्रांतीचा भार कसा पेलणार असं म्हणते. या एका ओळीवरून १९७४ मध्ये त्याच्यावर हल्ला चढवला गेला. माओंनी त्याच वर्षी छांगशामध्ये तो पाहून टाळ्या वाजवल्या, असं सांगितलं जातं.

दुसऱ्या टोकाला १९७६ चा ‘प्रतिहल्ला’. दिग्दर्शक पुन्हा ली वनह्वा, स्थळ पुन्हा विद्यापीठ, निशाणा उघडपणे तंग यांच्या बाजूचे लोक. तो पुरा होईपर्यंत माओ वारले आणि ऑक्टोबरमध्ये ‘चौकडी’, म्हणजे माओंच्या पत्नीसह चार जहाल नेत्यांचा गट, अटकेत गेली. तो कधी रीतसर प्रदर्शित झाला नाही. टीका करण्यासाठी म्हणून मात्र दाखवला गेला.

१२. खेड्यात हे चित्रपट पोहोचायचे कसे?

फिरत्या प्रक्षेपण पथकांमार्फत, उघड्या मैदानात पडदा बांधून. आपल्या जत्रेतल्या तंबूची आठवण होईल, फक्त तिकीट आणि तंबू वजा. मोठ्या गावात १६ मिमीचं यंत्र यायचं. आडवळणासाठी चीनने ८.७५ मिमीची स्वतःची फिल्म काढली होती. ३५ मिमीच्या एका पट्टीतून बरोबर चार पट्ट्या निघत. फिल्म स्वस्त, यंत्र हलकं, डोंगरात वाहून नेता येण्याजोगं. तोटा उघड आहे: चौकट लहान, म्हणून चित्र अंधूक आणि पडदा छोटा. प्रश्न ९ मधले चेहऱ्यावरच्या भरपूर उजेडाचे नियम तिथे वेगळ्या अर्थाने उपयोगी पडत असणार. अंधारात ठेवलेला खलनायक तिथे जवळजवळ दिसतच नसेल.

१३. आपलं ‘कमवा आणि शिका’ किंवा वर्ध्याची नई तालीम म्हणजे हेच ना?

नाही, आणि फरक नेमका समजून घेण्यासारखा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. तिथे श्रम करून विद्यार्थी राहण्याजेवणाचा, शिक्षणाचा भार उचलत. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेही याच तत्त्वावर. पण ती सगळी धडपड गरीब मुलाला परीक्षेपर्यंत, पदवीपर्यंत पोहोचवण्यासाठी होती. घाम गाळायचा तो परीक्षेला बसता यावं म्हणून. ‘ज्वेल्ये’त घाम हाच परीक्षेला पर्याय आहे.

वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ च्या परिषदेत मांडलेली योजना आणखी वेगळी. तिथे चरखा किंवा सुतारकाम हे माध्यम: सूत मोजताना गणित, कापसावरून भूगोल. हात आणि पुस्तक एकमेकांत विणलेले. चित्रपटात ते दोन पक्ष आहेत आणि एकाने दुसऱ्याला हरवायचं आहे.

एक साम्य मात्र खरं. शाळेने स्वतःचा खर्च स्वतः काढावा ही अपेक्षा वर्ध्यात आणि च्यांगशीत दोन्हीकडे होती, आणि मग मूल शिकतंय की राबतंय हा आक्षेपही दोन्हीकडे आला.

१४. रशिया आणि क्यूबाच्या चित्रपटांशी तुलना कशी करावी?

एकच प्रश्न धरून: शिकवणारा चुकू शकतो का?

कोझिन्त्सेव आणि त्राउबर्ग यांच्या १९३१ च्या ‘एकटी’मध्ये (संगीत शोस्ताकोविच यांचं) लेनिनग्राडची नवी शिक्षिका सुखी संसाराची स्वप्नं पाहत असते आणि तिची नेमणूक होते सैबेरियातल्या अल्ताई डोंगरांच्या कुशीत. ती सुरुवातीला कुरकुरते. गावचा सोव्हिएत अधिकारी झोपाळू आणि निकामी आहे. ‘ज्वेल्ये’मध्ये इतकी कुरकुर नायिकेला परवडली नसती. ‘एकटी’चं एक रीळ हरवलेलं आहे, आणि ते नेमकं बर्फात ती गोठते तिथलं. पाहताना उडी जाणवली तर प्रत खराब समजू नये. कोंचालोव्स्कींच्या १९६५ च्या ‘पहिला शिक्षक’मधला मास्तर स्वतःच अर्धशिक्षित आहे आणि चित्रपट ते झाकत नाही.

क्यूबात १९६१ हे साक्षरता मोहिमेचं वर्ष. सुमारे एक लाख शाळकरी तरुण खेड्यांत गेले, सात लाखांहून अधिक लोक साक्षर झाल्याचा अधिकृत आकडा आहे. ‘एका लढाईची कथा’ (१९६२) हा माहितीपट त्याच मोहिमेवर, आणि १९७७ चा ‘एल ब्रिगादिस्ता’ हा कथापट पंधरा वर्षांच्या स्वयंसेवकावर. तिथे परीक्षा शत्रू नाही. शेवटची चाचणी म्हणजे फिदेल कास्त्रोंना स्वतःच्या हाताने पत्र लिहायचं. प्रचार तोही आहेच, पण त्यात पेपर कोरा ठेवणारा वीर ठरत नाही.

१५. उपशीर्षकांत ‘गरीब शेतकरी’ वगैरे शब्द येतात. ते नेहमीच्या अर्थाने घ्यायचे का?

नाही. ‘गरीब व निम्नमध्यम शेतकरी’ हा खिशातल्या पैशांचा उल्लेख नसून जमीनसुधारणेच्या वेळी कुटुंबाला लागलेला अधिकृत वर्गशिक्का आहे. तो फायलीत राहायचा आणि व्यवहारात मुलांनाही चिकटायचा. जमीनदाराच्या नातवाकडे १९७५ मध्ये चप्पल नसली तरी तो ‘गरीब’ नव्हे. त्याच्या हातालाही घट्टे असू शकतात, पण लोंग तो हात वर धरणार नाही. तसंच ‘मार्ग’ म्हणजे पक्षातली राजकीय बाजू, रस्ता नव्हे. दाखवण्याआधी हे दोन शब्द प्रेक्षकांना सांगावेत. न सांगितल्यास निम्मे संवाद बाळबोध वाटतात.

१६. आमच्या फिल्म सोसायटीत किंवा वर्गात दाखवायचा आहे. कसा दाखवावा?

सलग दाखवू नये. लांबी दोन तासांच्या आसपास आहे आणि भाषणं बरीच. दीड तासाला खुर्च्या वाजू लागतात.

आधी दहा मिनिटं प्रश्न ४, ८ आणि १५ पुरती माहिती. मग सुरुवातीपासून घट्ट्यांच्या प्रसंगापर्यंत. थांबून प्रश्न ९ ची चाचणी. मग शेपटीचा प्रसंग, आणि लगेच कागद वाटून सुनच्या बाजूने पाच ओळी लिहायला सांगा. इथेच खरी चर्चा पेटते, विशेषतः प्रेक्षकांत शिक्षक असतील तर. उरलेला भाग मग सलग. प्रश्न १० शेवटी. आधी सांगितलात तर लोक पाहायच्या आधीच निकाल देतात.

बिघडतं ते दोन प्रकारे. एक, शेपटीवर इतका हशा होतो की पुढचं सगळं विनोदी वाटू लागतं. म्हणून लिहायला लावायचं. दोन, कुणीतरी उठून ‘पण त्यांचं बरोबरच आहे की’ म्हणतं आणि संयोजक बचावात जातात. जाऊ नये. तक्रार बरोबर असू शकते, याची सोय चर्चेत आधीच ठेवावी (पुढचा प्रश्न).

१७. चित्रपटातली तक्रार खरी होती, तर उपाय का टिकला नाही?

परीक्षा शहरी, सुशिक्षित घरांतल्या मुलांना झुकतं माप देते, ही तक्रार खरी होती आणि आजही आहे. पण परीक्षा काढल्यावर तिच्या जागी आली ती शिफारस, आणि शिफारशीचं काय झालं ते प्रश्न ६ मध्ये आलं आहे. आत गेलेल्यांची पातळी इतकी वेगवेगळी की विद्यापीठांना माध्यमिकचं गणित शिकवत बसावं लागे. बाहेर राहिलेल्यांना तर आपण का राहिलो हेही कळायचा मार्ग नव्हता. नापास झालेल्याला निदान गुण दिसतात.

चौकडीच्या अटकेनंतर चित्रपट ‘विषारी तण’ ठरला. श्रम विद्यापीठ १९८० मध्ये च्यांगशी कृषी विद्यापीठ झालं. प्रवेशपरीक्षा त्याआधीच, १९७७ च्या हिवाळ्यात, परत आली होती. सुमारे ५७ लाख लोक बसले, २ लाख ७३ हजारांना जागा मिळाली. अकरा वर्षांची अडलेली रांग एकदम आली होती. त्यात सतरा-अठरा वर्षांची मुलं होती, तिशीतले बापही होते, आणि मोठा भरणा शहरांतून खेड्यात पाठवलेल्या तरुणांचा होता. कित्येक वर्षं शेतात काढून ते सरळ परीक्षेच्या बाकावर येऊन बसले होते, आणि त्यांच्या हातांना घट्टे होते.